निरोपाच्या कार्यक्रमातले माझे पाच सेकंद

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, मला ठोठावून आत यायचा विचार असेल तर तो सोडून द्या, कारण माझ्या आत काही नाही. बाहेरही काही नाही. माझ्या अलीकडे जी खोली आहे, तीच पलीकडे आहे. मला चौकट आहे, कडी आहे, खिट्टी आहे, कुलूप आहे, वाजवायला पितळी कडं आहे, खाली चार लोखंडी चाकं आहेत. फक्त भिंत नाही. मी रेडिओ केंद्रातल्या नाटकाच्या स्टुडिओत उभा असतो. नाटकात कोणी आलं, कोणी निघून गेलं, कोणी रागारागानं दार आपटलं, की जो आवाज तुमच्या घरात येतो तो माझा. चाळीस वर्षांत माझ्यातून पोलीस आले, सासरे आले, मृत्युपत्र घेऊन वकील आले, एकदा तर नदीचा पूर आला. मात्र माझ्यातून जाऊन आजवर कोणी कुठेही पोचलेलं नाही.

माझा जन्मच मुळी एका भांडणातून झाला. आमच्या केंद्रात आवाज तयार करणारे एक गृहस्थ होते. दिवसभर त्यांची काहीतरी खुडबूड चालायची म्हणून सगळे त्यांना खुडबुडे म्हणत. हळूहळू पत्रंही त्याच नावानं येऊ लागली. चाळणीत वाटाणे फिरवून ते पाऊस पाडत आणि कागद चुरगाळून घर पेटवत. त्यांनी सुताराला बोलावून दार करायला सांगितलं.

"बसवायचं कुठे?" सुतारानं विचारलं.

"कुठेच नाही."

"मग उघडायचं कशाला?"

"करकरण्यासाठी."

सुताराचा चेहरा पडला. "साहेब, माझी दारं करकरत नाहीत. तीस वर्षांत एकाचीही तक्रार नाही."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं," खुडबुडे म्हणाले. "मुद्दाम वाईट काम करायला हात फार चांगला लागतो."

सुतार दोन दिवस रुसला आणि तिसऱ्या दिवशी आला. वरची बिजागरी त्यानं केसभर तिरकी बसवली आणि घरी कोणाला सांगू नका अशी विनंती करून निघून गेला. अशा रीतीनं मी जगात आलो. बाकीची दारं करकरली की त्यांना दुरुस्त करतात. मी करकरलो की लोक म्हणत, "वा!"

म्हणजे असं म्हणायला हवं होतं. म्हणत कोणी नव्हतं. माझ्या दुःखाची सुरुवात इथून होते.

स्टुडिओच्या मधोमध दांड्यावर एक बोंडूक असतं. त्याला माइक म्हणतात. सगळे त्याच्यापुढे वाकतात, त्याच्याशी गोड बोलतात, त्याला धूळ लागू नये म्हणून टोपी घालतात. छायाचित्र काढायचं झालं की कलावंत त्याच्याजवळ गाल नेतात. तो स्वतः काय करतो? ऐकतो. ऐकायला काय लागतं? मी बोलायचो, पण माझ्याजवळ गाल कोणी नेला नाही. बाहेरच्या व्हरांड्यात थोर कलावंतांची छायाचित्रं टांगलेली आहेत. त्यांतल्या एकात मी होतो, एका नटीच्या कोपरामागे, कडीपासून कुलपापर्यंत. चौकट करणाऱ्यानं माप बसेना म्हणून नेमका तेवढाच भाग कापला.

पण माइकचा हेवा हा किरकोळ हेवा. माझा खरा, जपून वाढवलेला, वर्षानुवर्षं पाणी घातलेला हेवा एका माणसासाठी राखलेला होता. ते म्हणजे खर्जकाका.

खर्जकाका रेडिओवरचे सगळ्यांत मोठे नट. त्यांचा आवाज इतका खोल होता, की त्यांनी "पाणी" म्हटलं तरी विहिरीतून आल्यासारखं वाटे. ते आले की शिपाईमामा उठून उभे राहत, निर्मातीबाई चहात साखर विचारत. मला कधी कोणी काही विचारलं नाही. शिवाय काका माझ्या चुका काढत. तालमीत मधेच थांबत आणि म्हणत, "खुडबुडे, तुमचं दार घाईत आहे. मुलगी इतक्या वर्षांनी घरी येतेय. बाजारातून भाजी घेऊन नाही येत."

त्या नाटकाची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. एका बापाशी भांडून त्याची मुलगी घर सोडून जाते. अकरा वर्षं तो वाट पाहतो. शेवटी एका दुपारी दार उघडतं. खुडबुडे माझ्यामागे उभे राहत, गुडघ्यानं मला जरासं उचलत आणि मग हळू ढकलत. आधी एक बारीक 'कर्र'. मग थांबणं, कारण मुलीचा धीर होत नाही. मग लांबलचक करकर, खालून वर जाणारी. हे सगळं पाच सेकंदांत. त्यानंतर सहा सेकंद पूर्ण शांतता. आणि मग खर्जकाका विचारत, "आलीस?"

एवढंच. एक शब्द. त्या एका शब्दासाठी श्रोत्यांची पोतंभर पत्रं आली. लोकांनी लिहिलं की असा बाप आम्हाला मिळाला असता तर आम्ही घर सोडलंच नसतं. वर्तमानपत्रांनी त्या सहा सेकंदांच्या शांततेवर लेख लिहिले. शांततेवर! म्हणजे जेव्हा त्यांनी काहीच केलं नाही, त्याबद्दल! त्याआधी पाच सेकंद सगळं मी केलं होतं, त्याबद्दल एका पत्रात फक्त एक ओळ होती. 'आपल्या स्टुडिओचं दार नीट लागत नसावं, कृपया लक्ष घालावं.'

मित्रांनो, हेवा वाईट असतो हे मला ठाऊक आहे. पण हे पत्र वाचून दाखवलं गेलं तेव्हा स्टुडिओभर जो हशा पिकला, तो ऐकल्यावर तुम्ही काय केलं असतं?

आमच्या केंद्राची एक प्रथा आहे. वर्षाच्या शेवटच्या रविवारी सकाळी 'निरोप' नावाचा कार्यक्रम लागतो. त्या वर्षात जे नट, गायक, वादक, निवेदक गेले, त्यांचे आवाज एकापाठोपाठ एक ऐकवतात. प्रत्येकाला अडीच मिनिटं. हा कार्यक्रम गावात इतका मानाचा, की म्हातारे कलावंत जिवंतपणीच चौकशीला येत. एक गायक दर सहा महिन्यांनी येऊन बाईंना सांगत, "माझ्यानंतर ते पहिलं गाणं लावू नका. त्यात मला सर्दी होती. दुसरं लावा." बाई म्हणत, "अहो, घाई काय आहे?" ते म्हणत, "घाई नाही, पण तुम्ही लिहून घ्या." एका वर्षी त्यांचा नंबर लागला. बाईंनी आठवणीनं दुसरं गाणं लावलं. त्यातही सर्दी होतीच. पण आता तक्रार करायला ते नव्हते.

दरवर्षी मी कोपऱ्यात उभा राहून 'निरोप' ऐकत असे आणि जळत असे. गेलेल्या माणसाविषयी लोक किती छान बोलतात! ज्या बासरीवाल्याला बाई तोंडावर 'कायम उशिरा येणारे' म्हणत, ते गेल्यावर 'काळाचं भान हरपलेले कलावंत' झाले. मला वाटे, आपणही एकदा त्या यादीत जावं. पण दरवाजे मरत नाहीत. त्यांची फळकुटं होतात.

यंदा खर्जकाका गेले. एका सकाळी चहा पिता पिता, शांतपणे. बातमी आली तेव्हा शिपाईमामा स्टुलावर बसून राहिले. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी काय केलं? खरं सांगतो. मला पहिल्यांदा वाटलं, आता अडीच मिनिटं यांनाच. आणि दुसऱ्यांदा जे वाटलं त्यानं माझी चौकट हलली. कारण बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काकांसाठी दुसरं काही नकोच. तो 'आलीस'चा तुकडा लावू."

तो तुकडा! म्हणजे माझे पाच सेकंद! गावातलं प्रत्येक घर ते ऐकणार, आणि तेही 'निरोप'मध्ये. नाव माझं नसेल, पण आवाज माझा असेल. चाळीस वर्षांत मी प्रथमच त्या रविवारची वाट पाहू लागलो.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी खर्जकाकांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. पाहुणे येणार म्हणून शिपाईमामांनी स्टुडिओ पुसून काढला. खुर्च्यांवरची धूळ झटकली. मग माझ्याजवळ आले, मला प्रेमानं थोपटलं, आणि खिशातून एक छोटी कुपी काढली. माझ्या दोन्ही बिजागऱ्यांत तेल सोडलं. तिरक्या बिजागरीत जास्तच.

मित्रांनो, चाळीस वर्षं मला कोणी तेलाचं बोट लावलं नव्हतं. मी कृतज्ञतेनं भिजलो. त्या भरात मला एवढंही सुचलं नाही की हे काय होऊन बसलंय.

काकू आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात पिशवी. त्यांना मऊ खुर्चीत बसवलं. आमच्याकडे आता फिती नाहीत, सगळं संगणकात असतं. आणि ते सांभाळायला एक संकलक असतात. फार सज्जन माणूस, पण त्यांना आवाजातली घाण सहन होत नाही. गायकांचे श्वाससुद्धा ते पुसून टाकतात, त्यामुळे अलीकडे आमचे गायक श्वास न घेता गातात. त्यांनी तुकडा सुरू केला.

नाटकाचं संगीत थांबलं. आणि लगेच काकांचा आवाज. "आलीस?"

ना 'कर्र'. ना थांबणं. ना लांब करकर. शांतताही नाही.

बाई हळव्या होऊन काकूंकडे पाहत राहिल्या. काकूंच्या कपाळावर आठी होती.

"हे कोणाला विचारतायत?" काकूंनी विचारलं.

"मुलीला, काकू. ती घरी येते ना..."

"कुठून येते? दार कुठाय?"

संकलक नम्रपणे पुढे आले. "काकू, जुन्या ध्वनिमुद्रणात बरीच करकर होती. ती मी काढली. आणि मधे सहा सेकंद नुसतं रिकामं होतं. चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ आवाज थांबला की आपलं यंत्र धोक्याचा भोंगा देतं, म्हणून तेही काढून पुढचं जोडून घेतलं. आता अगदी स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे खरं," काकू म्हणाल्या. "घर धुऊन काढलंत, बापाला तेवढं ठेवलंत."

मग काकू पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते. आमच्या घराच्या दाराला त्यांनी कधी तेल घालू दिलं नाही. मी बाहेरून आले, दार करकरलं, की आतून विचारायचे, 'आलीस?' मी म्हणायची, अहो, शेजारी हसतात, त्या दाराचं काहीतरी करा. तर म्हणायचे, 'दार वाजल्याशिवाय मला तो शब्द म्हणता येत नाही. त्या दारानं शिकवलाय.' परवा सगळे भेटायला येणार म्हणून भाच्यानं तेल घातलं. मी आले, तर घरात काहीच झालं नाही."

मी ऐकत होतो. एवढा थोर नट दाराकडून शिकला होता! माझ्या फळ्या आनंदानं फुगल्या. आणि पुढच्याच क्षणी एक विचार आला आणि सगळा आनंद खलास झाला. म्हणजे त्यांचं घरी दुसरं दार होतं!

"मूळ ध्वनिमुद्रण लावा," बाई संकलकांना म्हणाल्या.

संकलकांनी चष्मा पुसला. फिती बुरशी आली म्हणून चार वर्षांपूर्वीच टाकून दिल्या होत्या. संगणकात एकच प्रत होती, आणि तीच साफ करून त्यांनी त्याच नावानं जपून ठेवली होती. जुनीवर नवी बसली होती. ते हे इतक्या हळू आवाजात बोलले, की त्यांनी स्वतःलाच पुसून टाकलंय असं वाटलं.

"मी काढलं, मीच घालतो," ते म्हणाले. "संगणकात दोनशे दारं तयार आहेत."

त्यांनी एकेक दार ऐकवलं. दोनशे दारं, एकालाही लाकूड नाही! सातवं ऐकून काकूंनी हात वर केला. "पुरे. ही सगळी भुताची दारं आहेत. त्या नाटकातली पोर भूत होऊन नाही आली."

तेव्हा बाईंनी खुडबुड्यांना फोन केला. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. तासाभरात आले. काठी होती, पण स्टुडिओत शिरल्यावर त्यांनी माइककडे पाहिलंही नाही, सरळ माझ्याकडे आले. मला गुडघा लावला, उचललं, ढकललं.

मी निमूट उघडलो. लोण्यातून सुरी जावी तसा.

"तेल कोणी घातलं?"

"मी!" शिपाईमामा अभिमानानं म्हणाले. "किती वर्षं रडत होतं बिचारं."

"मामा, त्याला रडायचाच पगार होता हो!" खुडबुडे म्हणाले.

मग त्यांनी उपाहारगृहातली एक खुर्ची मागवली आणि तिच्यावर डावीउजवीकडे झुलून तिला करकरवलं. सांगायला लाज वाटते, पण हुबेहूब जमलं. बाई म्हणाल्या, "बसलं की!" माझ्या अंगातलं सगळं तेल पेटल्यासारखं झालं. चाळीस वर्षं मी उभा, आणि माझ्या जागी जाणार कोण, तर जिच्यावर लोक वडे खायला बसतात ती!

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. "जवळपास आहे," त्या म्हणाल्या. "पण ही खुर्ची आहे. ही कुठून आलेली नाही, बसलेलीच आहे."

मी त्या माउलीचा जन्मभराचा ऋणी आहे.

खुडबुड्यांनी रॉकेल मागवलं. फडक्यानं माझी बिजागरी धुतली, दोनदा, तीनदा. मग फळ्यावरचा खडू चुरून ती पूड खिळीपाशी भरली. मित्रांनो, हे सुखाचं नव्हतं. पाऊण तास ते मला उघडत आणि मिटत राहिले. संकलक जमिनीवर मांडी घालून कंदिलासारखा दिवा धरून बसले होते. आधी नुसती खरखर आली. मग कुठेतरी आत, तिरक्या बाजूला, एक बारीक 'कर्र'.

"आली," खुडबुडे पुटपुटले.

"आता सहा सेकंदांचं काय?" बाईंनी विचारलं. "संगणकातून रिकामी जागा घालू?"

"ती रिकामी जागा मेलेली असते, बाई. या खोलीतली घ्या. दाराचा आवाज संपला की सगळे उभे राहा आणि श्वास घेत राहा. संकलकसाहेब, श्वास तेवढे ठेवा."

"ठेवतो," संकलक म्हणाले. "भोंगाही बंद करतो."

ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. काकू उठून उभ्या राहिल्या. काकांचा शब्द आतल्या यंत्रातून नेमक्या वेळी सुटणार होता. खुडबुड्यांनी गुडघा लावला. बारीक 'कर्र'. थांबलो. मग मी सगळं सोडून दिलं, चाळीस वर्षांचं, खालून वरपर्यंत.

एक. दोन. आजवर मी या स्टुडिओतल्या पुष्कळ शोकसभांत दोन दोन मिनिटांची शांतता पाहिली आहे. त्यात लोक घड्याळ बघतात, खिसे चाचपतात. या सहा सेकंदांत कोणी पापणीही हलवली नाही. तीन. चार. पाच. सहा.

"आलीस?"

इतकी वर्षं तो प्रश्न माझ्याशेजारी उभ्या असलेल्या नटीसाठी असे. आज तिथे नटी नव्हती. मी सताड उघडा होतो, आणि माझ्या पलीकडे कोणीच नव्हतं. त्या रिकाम्या चौकटीतून तो आवाज आरपार गेला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाचा हेवा वाटला नाही. मला फक्त वाटलं, त्यांनी पुन्हा एकदा म्हणावं की दार घाईत आहे.

काकू माझ्याकडे पाहत होत्या. "हो," त्या इतकंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

हेवा मात्र जुनं दुखणं असतं. उतरलं तरी परत चढतं. थोड्या वेळानं बाई खुडबुड्यांना म्हणाल्या, "कार्यक्रमाच्या शेवटी तुमचं नाव सांगते." मी कान टवकारले. माझंही घेतील, असं वाटून गेलं.

"नको हो बाई!" खुडबुडे दचकले. "'निरोप'मध्ये माझं नाव ऐकलं तर घरी रडारड होईल. सून दुधवाल्याला माझं दूध बंद करायला सांगेल."

सगळे हसले. काकूही हसल्या. आणि माझ्या जाड लाकडात हळूहळू शिरलं की ज्या यादीचा मी चाळीस वर्षं हेवा केला, त्या यादीत आपलं नाव नाही ही तशी बरी बातमी आहे.

रविवारी तुकडा लागला. पत्रं आली. सगळी काकांच्या आवाजाविषयी. असू द्या.

आता दर मंगळवारी खुडबुडे येतात. संकलक त्यांच्याकडून मला उघडायला शिकतात. "अहो, तुम्ही लाथ मारताय. गुडघा लावा, गुडघा! घरी येताना माणूस असा येतो का?" संकलक घाम पुसतात, पुन्हा लावतात. शिपाईमामा तेलाची कुपी घेऊन लांबूनच जातात.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. वस्तू जपा, त्या साफ करण्याआधी त्यांचं काम काय आहे ते विचारा, हे तर आहेच. पण ज्या माणसाविषयी तुम्हाला चांगलं बोलायचं असेल, त्याच्यासाठी वर्षाच्या शेवटच्या रविवारची वाट पाहू नका. आजच बोला, तो खोलीत असताना बोला, आणि जरा मोठ्यानं बोला. आमच्यासारखे पुष्कळ जण जवळच कुठेतरी उभे असतात, आणि ऐकू आलं नाही असं दाखवतात.